पाहुणीच्या पोटातली गुडगुड

शेषरावांच्या जीपमध्ये बसायचं तर अधूनमधून तोंड मिटून बसायची तयारी लागायची. मी तेव्हा तीर्थपुरीच्या शाळेत नवीन लागले होते. बिऱ्हाड अंबडला, त्यामुळे रोज जायला-यायला त्यांचीच जीप. पहिल्या दिवशी अंबड सोडलं. मागे माणसं कोंबून बसलेली, कुणी कापसाच्या भावावरून तावातावाने बोलतंय, कुणाचं लेकरू भोकाड पसरून रडतंय, आणि एकदम शेषरावांनी स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं.

"थांबा. बोलू राह्यली."

सगळे गप्प झाले. रडणारं लेकरूसुद्धा गप्प झालं, ते कसं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला वाटलं, मागची कुणी बाई काही सांगतेय. तेवढ्यात माझ्या पायाशी, डॅशबोर्डच्या खाली बसवलेल्या एका पत्र्याच्या डब्यातून आवाज आला. गुड, गुड, गुडगुड. लग्नात जेवण जास्त झालेल्या माणसाच्या पोटात होते ना, अगदी तशी. शेषरावांनी मान तिरकी करून ती शेवटपर्यंत ऐकली. "आता बराबर घावलं," म्हणाले आणि गाडी पुढे हाकली. काय घावलं ते सांगितलं नाही. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की ते त्यांनाही माहीत नसायचं.

माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, अंगात खाकी शर्ट आणि खाली पांढरा पायजमा. खांद्यावर टॉवेल आणि गळ्यात हातभर लांबीची रबरी नळी, दवाखान्यातल्या डॉक्टरच्या असते तशी. नळीचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानात घालायचं आणि डोळे मिटायचे. रस्त्याने जाणारी माणसं थांबून "काय निघालं?" असं विचारायची. शेषराव डोळे न उघडता डावा हात हलवायचे, म्हणजे तपासणी चालू आहे.

जीप त्यांनी लिलावात घेतलेली. आधी ती कुठल्याशा थंड मुलखातल्या सरकारी खात्यात होती. तिकडे बसणाऱ्यांना ऊब लागते, म्हणून तो डबा. इंजिनातलं गरम पाणी नळीने डब्यात यायचं, आतला पंखा त्याची ऊब गाडीत फेकायचा आणि पाणी परत इंजिनाकडे जायचं. म्हणजे हीटर. आमच्याकडे होळी झाली की माणूस माठाला पाठ टेकून बसतो, आणि तिथे शेषरावांनी हीटर आणला. ते जीपला 'पाहुणी' म्हणायचे. "पाहुणीला आपलं ऊन मानवत न्हाई, बाई. जरा संभाळून घ्या," असं मला सांगायचे. जणू तिला मीच बोलावून आणलं होतं.

आवाजावर अंबडच्या करीम मिस्त्रींचा एकच इलाज होता. "ये डब्बा निकाल डालो, शेषराव. ना डब्बा, ना गुडगुड."

"पाहुणीच्या अंगावरचा दागिना काढून घ्यायचा व्हय, मिस्त्री? लोक काय म्हन्तीन?"

खरी गोष्ट वेगळी होती. एप्रिल-मेमध्ये पाहुणीचं इंजिन तापायचं, काटा लाल रेघेला टेकायचा, आणि तेव्हा तिला वाचवायचा एकच उपाय होता. हीटर पूर्ण उघडायचा. इंजिनातली सगळी आग डब्यात घ्यायची आणि पंखा लावून आमच्यावर सोडायची. इंजिन गार, माणसं भाजून काढलेली. बाहेर ऊन मी म्हणतंय, आत आम्ही शेकोटीला बसलोय. एकदा एका वऱ्हाडातला नवरदेव पुढे माझ्या शेजारी बसला होता. हळदीचं अंग, डोक्याला फेटा. तीर्थपुरी येईपर्यंत त्याची हळद घामाबरोबर उतरून शर्टावर आली. मागून त्याची आजी म्हणाली, "शेषराव, लेकराला लग्नाआधीच चटके देऊ राह्यला का?" शेषराव गंभीरपणे म्हणाले, "सवय हुंद्या, मावशी." आजी हसली, नवरदेव मात्र हसला नाही.

हे सगळं मी सोसलं असतं, पण दाराशेजारची जागा मला कधी मिळाली नाही. रिवाजाप्रमाणे ती बाईमाणसाची, त्यातून मी मास्तरीण. पण अंबडहून निघताना शेषराव ती जागा मोकळी ठेवायचे. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर, दोघं पायरीवर लटकलेले, आणि पुढची जागा रिकामी. त्यांच्या गावाचा फाटा येईपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही. मी मधे, गुडघे डब्याला लावून.

फाट्यावर चहाच्या टपरीपुढच्या बाकावर त्यांचे थोरले भाऊ बसलेले असायचे. बळीरामदादा. उंच, हडकुळे, धोतर आणि टोपी. बाप लवकर गेला तेव्हा शेषराव चालायला शिकत होते. दादांनी त्यांना वाढवलं, शेतात घातलं, लग्न करून दिलं. आणि वाटणीत आलेली बैलजोडी विकून शेषरावांनी ही जीप घेतली. ती खोंडं दादांनी हाताने वाढवलेली होती. विकताना शेषरावांनी विचारलं नाही, दादा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त जीप दारात आली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हिच्या पोटात गुडगुड हाय. पोट बिघडलेलं जनावर मी जुपत न्हाई अन् त्याच्या गाडीत बी बसत न्हाई. गुडगुड बंद हुईल त्या दिशी बसंन."

तेव्हापासून रोजचं ठरलेलं. जीप फाट्यावर थांबायची. शेषराव खाली उतरून दाराशी उभे राहायचे.

"दादा, बसा."

"गुडगुड?"

"हाय थोडी."

"मंग मी एस.टी.नं येतो."

आठवडी बाजाराचा दिवस सोडला तर दादांना कुठे जायचंही नसायचं. तरी ते जीपच्या वेळेला फाट्यावर हजर. घरी दोघं एकाच चुलीवर जेवायचे, पण जेवताना जीपचं नाव निघत नसे, हे शेषरावांच्या बायकोनेच मला सांगितलं. "दोघं बी अडेल, बाई. एक वाकंना अन् दुसऱ्याला वाकवता येईना." खोटं बोलून मोकळं व्हावं तर शेषरावांची तेवढी टाप नव्हती. आणि बोलले असते तरी पाहुणीने त्यांना तोंडघशी पाडलं असतं. नकार ऐकला की ते पायरीवर लटकलेल्या कुणाला तरी ती जागा द्यायचे, दार हळूच लावायचे आणि पुढचे दोन-तीन मैल काही बोलायचे नाहीत. बाकी वेळ या माणसाच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, त्यामुळे ते दोन-तीन मैल मला फार जड जायचे.

म्हणून ही गुडगुड शोधणं हा नुसता गाडीचा प्रश्न नव्हता. आम्ही रोजचे सगळे प्रवासी त्यात होतो. कुणी म्हणे पाणी बदला, विहिरीचं घाला, बोअरचं जड असतं. कुणी म्हणे दृष्ट लागली. शेषराव सगळं ऐकायचे आणि सगळं करून बघायचे. पाहुणीच्या बंपरला लिंबू-मिरची लागली, बिब्बाही लागला. एकदा करीम मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण हातात घेऊन त्याचा रबर दाखवला. "ये ढिल्ला हुवा है. पानी बाहर, हवा अंदर." झाकण बदललं, आणि काय सांगू, अंबड सोडलं तरी डबा गप्प. चढ आला, उतार आला, तरी गप्प. शेषरावांनी चालत्या गाडीत खिशातून कंगवा काढून केस विंचरले. फाट्याच्या अलीकडे गाडी थांबवून दाराशेजारची जागा टॉवेलने पुसली. मग मागे वळून सगळ्यांना हात जोडले, "आता कुणी बी काही बोलू नका. बिलकुल न्हाई."

फाट्यावर ते उतरले. "दादा, बसा."

"गुडगुड?"

"बंद."

दादा उठले. धोतर सावरून जीपजवळ आले, एक पाय पायरीवर ठेवला. मी सरकून जागा केली. आणि गाडीत आवाज झाला. गुडगुड, गुडगुड, गुडुप्.

दादांनी पाय खाली घेतला. "मंग मी एस.टी.नं येतो."

पुढे काही अंतरावर शेषरावांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, नळी लावली. डबा गप्प, इंजिन गप्प. माणूस रडकुंडीला आला. तेव्हा मागच्या कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, "शेषराव, ते माझ्या कॅनातलं ताक हाय. लेकीला नेऊ राह्यले. त्यो माणूस चढला, गाडी हालली, अन् ते हिंदकळलं."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं, आजी?"

"तुमी म्हन्ले बोलू नका."

शेषरावांनी गाडी उलटी फिरवली. सगळे कुरकुर न करता परत फाट्यावर आलो, मीसुद्धा शाळेचं नाव काढलं नाही. पण एस.टी. येऊन गेली होती. बाक रिकामा. आणि संध्याकाळी परत येताना डब्यातून खरीच गुडगुड सुरू झाली.

दादांना ताकाची गोष्ट कळलीच, खेड्यात काय लपतं? त्यावर टपरीवर म्हणाले म्हणे, "उथळ पाण्याला खळखळाट फार." ते जीपबद्दल होतं की भावाबद्दल, ते चहावाल्याने विचारायला हवं होतं.

मग एक दिवस रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले आणि मिस्त्रींचा चेहरा पडला. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधलं गॅस्केट गेलं असणार, खोलावं लागेल. पाहुणी अंबडला मिस्त्रींच्या झाडाखाली पोट उघडं टाकून पडली आणि आम्ही सगळे एस.टी.त आलो. तेव्हाची एक सकाळ मला चांगली आठवते. बाजाराचा दिवस होता. फाट्यावर दोघं भाऊ चढले. दादांना बाकावर जागा मिळाली, शेषराव दांडीला धरून उभे राहिले. दादा थोडे सरकले. शेषराव बसले. कंडक्टर आला तेव्हा दादांनीच दोन तिकिटं काढली. मी मागच्याच बाकावर होते. बऱ्याच वेळाने दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाहुणी कशी हाय?"

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. शेषरावांनी गळ्यातली नळी हातात घेतली, पिळली, परत गळ्यात टाकली. "पोट फाडलं तिचं, दादा."

"हं," दादा म्हणाले. एवढंच. पण उतरताना त्यांनी शेषरावांची पिशवीही उचलली.

जीप आली. नवं गॅस्केट, नवी नळी, नवं पाणी, आणि गुडगुड दुप्पट. आता तर डबा अखंड वटवट करायचा. शेषरावांनी बोट वर केलं नाही. मी म्हटलं, "काय घावलं?"

"बाई," ते म्हणाले, "मला काहीच घावंना."

हे वाक्य या माणसाच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. फाटा आला. त्यांनी गाडी थांबवली, पण खाली उतरले नाहीत. "दादा, बसा" म्हणाले नाहीत. हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

दादा बाकावरून बघत राहिले. वाट बघितली. मग स्वतःच उठून आले. हातात विळा होता, वैरण कापायला निघाले असावेत. बॉनेटवर तळवा ठेवला, बैलाच्या कुशीवर ठेवतात तसा. थोडं थोपटलं. मग माझ्या बाजूने वाकून डब्याला कान लावला. मी पाय वर घेतले.

"उतारावर जास्त बोलती का चढावर?"

"उतारावर," शेषराव म्हणाले.

"तोंड खाली गेलं की जास्त. वर आलं की कमी."

"व्हय."

"शेषा, बैल फुगला तर काय करतो आपण?"

शेषरावांनी मान वळवली. "पुढचे पाय उंचावर देतो. वारा वर येतो अन् तोंडावाटी निघतो."

"मंग? हिचं तोंड कुठं हाय?"

तोंड पुढे, रेडिएटरला. फाट्याजवळच पाझर तलावाचा बांध होता. जीप त्या चढावर नाक आभाळाकडे करून उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन गार होईपर्यंत आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. मग दादांच्या सांगण्यावरून झाकण काढलं, हीटरची तोटी पूर्ण उघडली, गाडी चालू केली. शेषराव तांब्याने पाणी ओतू लागले. आधी काही नाही. मग रेडिएटरच्या तोंडातून एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग चुलीवरच्या डेचकीसारखे भराभर. ओतावं तेवढं पाणी पाहुणी पीत होती. इंजिन खोललं तेव्हा आत गेलेली सगळी हवा त्या डब्यात दडून बसली होती, आणि तिला वर यायला वाटच नव्हती.

"दिला ढेकर," दादा म्हणाले.

मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वो तो मैं बी बोलने वालाच था." मी त्या दिवशी शाळेत फार उशिरा पोचले. हेडमास्तरांनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, जीप फुगली होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. जीप बांधावरून खाली आली. उतार होता. सगळ्यांनी कान टवकारले. म्हातारीबितारी कुणी नव्हती, ताक नव्हतं, काही नव्हतं. डबा गप्प. शेषराव उतरले, दार उघडून उभे राहिले. दादांनी हातातल्या विळ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "तीर्थपुरीला काय काम हाय मला?" असं स्वतःशीच म्हणाले आणि विळ्यासकट आत बसले.

निम्मा रस्ता मला तर त्या विळ्याचीच भीती वाटत होती. मग दादा म्हणाले, "शेषा, ह्या डब्याचं तोंड बंद कर. पाय भाजू राह्यले." हवा काढताना उघडलेली तोटी शेषराव बंद करायचे विसरले होते. त्यांनी खाली वाकून ती बंद केली आणि टॉवेलने डोळे पुसले. धूळ गेली म्हणाले. रात्री पाऊस झालेला होता, रस्ता ओला होता.

त्या दिवसापासून दादा रोज बसायला लागले. तीर्थपुरीला जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. काम काही नाही. माझी दाराशेजारची जागा कायमची गेली.

पुढे माझी बदली जालन्याला झाली. मधे बरीच वर्षं गेली. रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपा धावू लागल्या. जुन्या शाळेत एका सहकारी बाईंचा निरोप समारंभ होता म्हणून मी अंबडला मुक्कामाला आले आणि सकाळी निघाले. पौषातली सकाळ, हाडं वाजवणारी थंडी. मुद्दामच त्या फाट्यावर उतरले, चहा घेऊ म्हटलं. तर समोरून पाहुणी आली. रंग उडालेला, पण तीच. दाराशेजारी घोंगडी पांघरून, कानटोपी घातलेले दादा. शेषरावांचे केस पांढरे झाले होते, गळ्यात नळी मात्र होती.

"बसा बाई, तुमची जागा रिकामी हाय," ते म्हणाले. मी मधे सरकून बसले. दादांना नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि समोर बघू लागले.

"त्यांना आता माणसं वळखू येत न्हाईत," शेषराव म्हणाले. "मला बी न्हाई. घरात दिसभर एक शब्द नसतो. थंडी लई वाजती, म्हून सकाळी एक चक्कर मारून आणतो. आता भाडं मारीत न्हाई मी. पाहुणी दादासाठीच."

डब्यातून ऊब येत होती. दादांचे दोन्ही पाय डब्याला लागलेले होते, जुनी चामड्याची पायताणं काढून. इतक्या वर्षांत त्या डब्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या नाहीत अशी माझी ती पहिलीच वेळ. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. गुड, गुड, गुडगुड.

"अहो, परत?" मी म्हटलं.

शेषराव माझ्याकडे झुकले. आवाज अगदी खाली आणला. "रोज सकाळी एक तांब्या पाणी कमी घालतो, बाई. मुद्दाम."

मी काही विचारणार, इतक्यात घोंगडीतून एक हडकुळं बोट वर आलं.

"थांबा," दादा म्हणाले. "बोलू राह्यली."

आम्ही दोघं गप्प झालो. दादा मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी वळून बघितलं, माझ्या पलीकडे, सरळ भावाकडे.

"शेषा, फुगली हाय ही. चढावर लाव."

"लावतो, दादा," शेषराव म्हणाले आणि गाडी बांधाकडे वळवली. सीटखाली पाण्याचा कॅन भरून ठेवलेला होता. तो काढून मी मांडीवर घेतला.